एका निमेषात २६ कोटी ठोके

चाळीसगावजवळच्या पाटण इथे, पाटणादेवीच्या डोंगराच्या कुशीत, एक जुना शिलालेख सापडला. भास्कराचार्यांचे ग्रंथ शिकवले जावेत म्हणून त्यांचा नातू चांगदेव याने तिथे मठ काढला आणि शके ११२८ मध्ये, म्हणजे इ.स. १२०७ च्या सुमारास, त्या मठाला दान मिळालं, अशी नोंद त्या लेखात आहे. एकोणिसाव्या शतकात डॉ. भाऊ दाजी लाड यांनी तो अभ्यासकांपुढे आणला. ग्रहगणित शिकवणारी, राजाश्रय असलेली शाळा आजच्या जळगाव जिल्ह्यात ८०० वर्षांपूर्वी भरत होती. आणि तिथे शिकवायच्या ग्रंथांत पहिलं नाव होतं 'सिद्धान्तशिरोमणी'चं.

भास्कराचार्यांनी हा ग्रंथ ११५० साली, वयाच्या ३६ व्या वर्षी लिहिला. त्यात काळाच्या मापांचं कोष्टक आहे. पापणी लवायला लागतो तेवढा वेळ म्हणजे निमेष. निमेषाचे ३० भाग केले की एक तत्पर, आणि तत्पराचे १०० भाग केले की एक त्रुटी. आजच्या सेकंदात मांडायचं तर निमेष भरतो ०.०८९ सेकंदाचा, तत्पर जवळपास ३ मिलिसेकंदांचा, आणि त्रुटी एवढी बारीक की एका सेकंदात ३३,७५० त्रुटी मावतात. घटिकापात्रावर वेळ मोजण्याचा तो जमाना. त्रुटी मोजेल असं कुठलंही यंत्र कुणाकडे नव्हतं. तरीही काळ इतका बारीक चिरता येतो, हे त्यांना श्लोकात बांधून ठेवावंसं वाटलं. मला याचं अतोनात अप्रूप आहे.

आज त्या त्रुटीलाही लांबलचक म्हणावं असं यंत्र खानदेशातल्या जवळपास प्रत्येक खिशात आहे. मोबाइलच्या खोक्यावर ३ गिगाहर्ट्झ असं लिहिलेलं असतं, त्याचा अर्थ प्रोसेसरचं घड्याळ सेकंदाला ३०० कोटी ठोके देतं. एका त्रुटीत ८८ हजारांहून अधिक ठोके. एका निमेषात २६ कोटींहून अधिक. सेकंदात पृथ्वीला साडेसात फेऱ्या घालील इतका प्रकाशाचा वेग, पण असल्या एका ठोक्याच्या अवधीत तो प्रकाशही जेमतेम १० सेंटीमीटर सरकतो. आणि तेवढ्यात प्रोसेसरमधला मोठा कोर, म्हणजे आकडेमोड करणारा विभाग, एक सोडून अनेक सूचना उरकून मोकळा झालेला असतो.

जळगावच्या सराफ बाजाराला शुद्धतेचं महत्त्व सांगायला नको. २४ कॅरेटचं सोनं ९९.९ टक्के शुद्ध असलं की गिऱ्हाईक आणि सराफ दोघंही समाधानी. प्रोसेसर ज्या सिलिकॉनवर कोरतात त्याच्या शुद्धतेत दशांश चिन्हाच्या अलीकडचे-पलीकडचे मिळून नऊ नऊ लागतात: ९९.९९९९९९९ टक्के. १०० कोटी अणूंत परका अणू फार तर एक. मूळ वस्तू वाळू, पण ती इतकी निवडून-पाखडून घ्यावी लागते, तेव्हा कुठे तिच्यावर ट्रान्झिस्टर, म्हणजे विजेच्या चालू-बंद होणाऱ्या सूक्ष्म कळा, कोरता येतात. २०२३ च्या आयफोन १५ प्रोमधल्या चिपमध्ये असे १९०० कोटी ट्रान्झिस्टर आहेत, आणि ती चिप नखाएवढी आहे.

आता रोजच्या माणसाचा प्रश्न. जळगावच्या गोलाणी मार्केटमध्ये नाहीतर धुळ्याच्या आग्रा रोडवर मोबाइल घ्यायला गेलं की काउंटरपलीकडचा मुलगा हमखास म्हणतो, "दादा, पाच हजार अजून टाका, याचा प्रोसेसर भारी आहे. अजिबात हँग होणार नाही." टाकावेत का ते पाच हजार?

उत्तर शोधायला निमेषच उपयोगी पडतो. १९६८ साली रॉबर्ट मिलर या अभ्यासकाने माणूस आणि संगणक यांच्यातल्या देवाणघेवाणीचा विचार करताना एक मर्यादा सांगितली. कळ दाबल्यापासून साधारण ०.१ सेकंदात प्रतिसाद मिळाला, तर माणसाला तो ताबडतोब मिळाल्यासारखा वाटतो. भास्कराचार्यांचा निमेष ०.०८९ सेकंदाचा. एकाने पापणीवरून धरलं, दुसऱ्याने संगणकापुढे बसलेल्या माणसावरून, आणि ८०० वर्षांच्या अंतराने दोघं जवळजवळ एकाच आकड्याशी येऊन थांबले. माणसाच्या जाणिवेचा उंबरठा तिथेच कुठेतरी आहे.

साध्या, मध्यम किमतीच्या मोबाइलचा प्रोसेसरही आज रोजची बहुतेक कामं त्या उंबरठ्याच्या आत करतो. फोन लावणं, मेसेज लिहिणं, कॅल्क्युलेटर, गजर, फोटो उघडणं, गाणं वाजवणं. एक मोबाइल हे काम अर्ध्या निमेषात करतो आणि दुसरा पाव निमेषात. बोटाला दोन्ही सारखेच. दुप्पट वेगाचे पैसे मोजूनही तो वेग दिसत नाही, कारण तो पाहण्याची सोय आपल्या डोळ्यांत आणि मेंदूत नाही.

एका ठिकाणी मात्र नजर फार चिकित्सक असते. बोटाने पडदा वर सरकवत जाताना साधा पडदा सेकंदाला ६० वेळा नव्याने रंगतो. प्रत्येक खेपेला प्रोसेसरच्या हाती सुमारे १६.७ मिलिसेकंद असतात, भास्कराचार्यांच्या मापात साडेपाच तत्पर. तेवढ्या वेळात चित्र तयार झालं नाही तर जुनंच चित्र पुन्हा दिसतं आणि पडदा अडखळल्यासारखा वाटतो. 'लॅग मारतो' म्हणतात तो हाच. अगदी स्वस्तातल्या प्रोसेसरची आणि मधल्या प्रोसेसरची तफावत इथे डोळ्यांना कळते. मधल्याची आणि सर्वांत महागड्याची तफावत कळायला फार बारीक नजर लागते.

मग मोबाइल खरोखर कशावर अडतो? भुसावळ स्टेशनाबाहेरच्या सिग्नलला, म्हणजे आउटरला, गाडी उभी राहिली की इंजिन कितीही ताकदीचं असून उपयोग नसतो. पुढचा फलाट मोकळा होईपर्यंत सगळे खिडकीतून बाहेर बघत बसतात. मोबाइलमधला प्रोसेसर दिवसभर असाच आउटरला उभा असतो.

चहाच्या टपरीवर यूपीआयने दहा रुपये देताना काय होतं ते पाहा. जळगावपासून मुंबई सुमारे ४०० किलोमीटर. काचेच्या तंतूतून प्रकाश सेकंदाला साधारण २ लाख किलोमीटर धावतो, म्हणजे निरोप जाऊन परत यायला निदान ४ मिलिसेकंद. तेवढ्यात आपल्या प्रोसेसरचे १ कोटी २० लाख ठोके होऊन जातात. आणि हा तर निव्वळ प्रकाशाचा प्रवास झाला. प्रत्यक्षात निरोप आधी टॉवरपर्यंत जातो, मग ॲपच्या बँकेकडे, तिथून यूपीआय चालवणाऱ्या एनपीसीआय या संस्थेकडे, तिथून पैसे वळते करणाऱ्या बँकेकडे, परत एनपीसीआय, मग चहावाल्याची बँक, आणि उलट वाटेने पोच. पडद्यावर गोल फिरत असतं ते दोन सेकंद, आणि त्या दोन सेकंदांत आपला प्रोसेसर ६०० कोटी ठोके मोजतो. यातला बहुतेक वेळ तो काहीही करत नसतो. ऑगस्ट २०२५ मध्ये देशभरात यूपीआयचे २००० कोटींहून अधिक व्यवहार झाले. एवढ्या व्यवहारांचं यश मोबाइलच्या वेगापेक्षा मधल्या यंत्रणेचं आहे. रिझर्व्ह बँकेने मार्च २०२२ मध्ये यूपीआय १२३पे सुरू केलं तेव्हा हे सिद्धच झालं: बटणांच्या साध्या फोनवरूनही पैसे जातात.

शेताच्या बांधावर तर याहून नवल आहे. १५ ऑगस्ट २०२१ पासून महाराष्ट्रात ई-पीक पाहणी राज्यभर सुरू झाली. शेतकऱ्याने आपल्या गटात उभं राहून कापूस, मका, केळी जे काही असेल त्याचा फोटो काढायचा आणि ॲपमधून नोंद करायची. नोंदीसोबत जागेचे अक्षांश-रेखांश जातात. यावल-रावेरकडे किंवा साक्रीच्या डोंगराळ भागात रेंज नसली की शेतकरी फोन उंच धरून ताटकळत राहतो आणि वैतागून म्हणतो, मोबाइलच जुना झाला. मोबाइलची यात चूक फार थोडी असते.

जीपीएसचे उपग्रह २०,२०० किलोमीटर उंचीवरून आपली जागा आणि वेळ सांगत असतात. पण ते बोलतात फार सावकाश: सेकंदाला फक्त ५० बिट. उपग्रह नेमका कुठे आहे हे सांगणारी एक पूर्ण चौकट १५०० बिटांची, म्हणजे ती ऐकून घ्यायला ३० सेकंद लागतात. ही पद्धत गेल्या शतकातल्या सत्तरच्या दशकात ठरली आणि मूळ संदेश आजही त्याच संथ लयीत येतो. मोबाइलच्या इंटरनेटला रेंज असेल तर हीच माहिती टॉवरवरून क्षणात मिळते आणि नकाशावरचा निळा ठिपका लगेच जागेवर बसतो. रेंज नसेल तर उपग्रहाचं बोलणं पूर्ण होईपर्यंत थांबावंच लागतं. त्या अर्ध्या मिनिटात प्रोसेसरचे ९००० कोटी ठोके होतात आणि हाती पडतात १५०० बिट. ५० हजारांचा मोबाइल असो की ८ हजारांचा, आकाशातून येणारा आवाज दोघांनाही त्याच गतीने ऐकावा लागतो. मला हा प्रकार कळला तेव्हा बांधावर थांबण्याचा कंटाळाच गेला. २० हजार किलोमीटरवरून कुणीतरी एकेक अक्षर सांगतंय आणि आपल्या हातातली वस्तू ते टिपून घेतेय, याहून थोर गोष्ट त्या शिवारात दुसरी कुठली असणार?

आउटरला थांबवणारी दुसरी जागा मोबाइलच्या आतच आहे, आणि तिचा त्रास सगळ्यांत जास्त. ती म्हणजे मेमरी. प्रोसेसरला हवी ती माहिती रॅममध्ये असेल तर ती यायला साधारण ३०० ठोके लागतात. रॅममध्ये नसेल, स्टोरेजमधून उचलून आणायची असेल, तर लागतात ३ लाखांहून जास्त. भास्कराचार्यांच्या हिशेबाने तीन-चार त्रुटी. एका खेपेला त्रुटी किरकोळ वाटते, पण ॲप उघडताना अशा हजारो खेपा होतात. त्यात स्वस्त मोबाइलमध्ये ईएमएमसी जातीचं स्टोरेज असतं आणि जरा वरच्या मोबाइलमध्ये यूएफएस जातीचं. सलग वाचण्याच्या वेगात दोघांत काही पटींचा फरक सहज असतो. खोक्यावर दोघांनाही '१२८ जीबी' असंच लिहितात.

स्टोरेज काठोकाठ भरलं की आणखी बिघडतं. या मेमरीत एखादी ओळ खोडून तिथेच दुसरी लिहिता येत नाही. आधी मोठा ठोकळा रिकामा करावा लागतो आणि मग लिहावं लागतं. मोकळे ठोकळे शिल्लक नसले की एक छोटा मेसेज लिहून ठेवण्यासाठी आतल्या आत ढीगभर हलवाहलव होते. मोबाइल दुरुस्त करणारे अनुभवी कारागीर म्हणूनच हातात घेतल्याघेतल्या विचारतात, "काका, जागा किती शिल्लक आहे?" सकाळच्या शुभेच्छांचे फोटो, लग्नाचे व्हिडिओ, कीर्तनाच्या क्लिपा काढून टाकल्या की तोच मोबाइल, तोच प्रोसेसर, पुन्हा ताजातवाना होतो.

रॅमची किंमत महाराष्ट्रातल्या अंगणवाडी सेविकांनी सगळ्यांत कडू रीतीने मोजली आहे. पोषण अभियानात त्यांना २०१९ मध्ये सरकारने मोबाइल दिले. त्यांत रॅम २ जीबी. अंगणवाडीतल्या मुलांची वजनं, उंची, हजेरी, घरपोच आहार, गरोदर बायकांची नोंद, सगळं त्यावर भरायचं. २०२१ मध्ये केंद्राचं पोषण ट्रॅकर हे नवं ॲप आलं. ते इंग्रजीत होतं, आणि त्या मोबाइलला झेपत नव्हतं. मोबाइल हँग व्हायचे, तापायचे, भरलेली माहिती जायची. ऑगस्ट २०२१ मध्ये राज्यभरातल्या सेविकांनी आंदोलन करून ते मोबाइल सरकारला परत केले.

काय होत होतं ते समजून घ्यायला हवं. दोन जीबीतली बरीचशी जागा अँड्रॉइड स्वतःलाच लागते. उरलेल्या जागेत ॲप बसलं नाही की यंत्रणा एकेक ॲप बंद करत सुटते. सेविका कॅमेरा उघडते, फोटो काढून परत येते, तोवर मागचं अर्ज भरायचं ॲपच बंद करून टाकलेलं असतं आणि भरलेला अर्ज कोरा होतो. अशा वेळी दुप्पट वेगाचा प्रोसेसर बसवला असता तरी अर्ज कोराच झाला असता. ४ जीबी रॅम असती आणि मराठीत असलेलं, हलकं ॲप असतं, तर तो मोबाइल चालला असता. संगणकशास्त्रज्ञ निकलाउस विर्थ यांनी १९९५ मध्ये लिहून ठेवलं होतं की यंत्रं जितक्या झपाट्याने वेगवान होतात त्याहून झपाट्याने सॉफ्टवेअर जड होत जातं. त्याचा भार कुणाच्या माथी येतो हे गावोगावच्या अंगणवाड्यांत दिसलं. ज्यांच्याकडे महागडे मोबाइल आहेत ते ॲप बनवतात आणि आपल्याच मोबाइलवर तपासतात. ते वापरावं लागतं दुसऱ्यांना.

आता उन्हाकडे वळू, कारण खानदेशात मोबाइलच्या वेगाचा खरा मालक ऊन आहे.

प्रोसेसरला लागणाऱ्या विजेचा ढोबळ नियम असा: वीज वाढते ती ठोक्यांच्या वेगाच्या पटीत आणि व्होल्टेजच्या वर्गाच्या पटीत. वेग वाढवायचा तर व्होल्टेजही वाढवावं लागतं. म्हणून वेग २० टक्के वाढवला की विजेचा खर्च ७० टक्क्यांच्या आसपास वाढतो. ही सगळी वीज शेवटी उष्णता होऊन बाहेर पडते. लॅपटॉपमध्ये पंखा असतो, मोबाइलमध्ये नसतो. उष्णतेला बाहेर पडायला पाठीची काच किंवा प्लास्टिक आणि बाजूची हवा, एवढाच आधार. पण मे महिन्यात जळगाव-भुसावळची हवाच दुपारी ४५ अंशांच्या घरात जाते. ॲपलने आपल्या फोनसाठी ० ते ३५ अंशांची हवा योग्य म्हणून सांगितली आहे. आपल्याकडे एप्रिल-मेमध्ये तेवढा गारवा रात्री आणि सकाळच्या काही तासांतच मिळतो.

तापमान ठरलेल्या मर्यादेला टेकलं की मोबाइल स्वतःच ठोके कमी करतो. हे त्याचं शहाणपण. न केलं तर बॅटरीचं आयुष्य जळेल आणि हातही भाजेल. पण परिणाम असा की ज्या वेगासाठी जास्तीचे पैसे मोजले, तो वेग उन्हाळ्याच्या दुपारी मिळतच नाही. प्रोसेसरच्या वेगाचे जे आकडे जाहिरातीत असतात ते गार खोलीतले. हँडलला मोबाइल लावून धुळ्याच्या रस्त्यांवर पार्सल पोचवणाऱ्या मुलाला त्यातला किती वाटा मिळत असेल? त्यात उन्हात दिसावा म्हणून पडदा पूर्ण प्रकाशावर असतो, आणि रेंज कमी असेल तिथे मोबाइलचा रेडिओ टॉवरपर्यंत आवाज पोचावा म्हणून जास्त जोर लावतो. पडदा आणि रेडिओ मिळून प्रोसेसरपेक्षा जास्त वीज खाऊ शकतात. मोबाइल तापला की आपण प्रोसेसरला बोल लावतो, पण बऱ्याचदा तापवणारे हे दोघं असतात.

मग चांगल्या प्रोसेसरला अर्थच नाही का? आहे, आणि तो समजायला १९८५ च्या एप्रिलमध्ये केंब्रिजला जावं लागतं. एकॉर्न नावाच्या एका छोट्या कंपनीत सोफी विल्सन आणि स्टीव्ह फर्बर यांनी एक प्रोसेसर रचला होता. त्याचं नाव एआरएम. त्यात ट्रान्झिस्टर होते जेमतेम २५ हजार. २६ एप्रिलला पहिली चिप तयार होऊन आली, फलकावर बसवली आणि ती चालली. फर्बर यांनी ती किती वीज खाते ते मोजायला मीटर लावला, तर काटा शून्यावर. मीटर बिघडला असेल म्हणून पाहिलं. मग कळलं की चिपला वीज देणारी तारच जोडलेली नव्हती! बाजूच्या तारांमधून संदेशांबरोबर जी थोडीफार वीज आत झिरपत होती, तेवढ्यावर ती चिप बिनबोभाट काम करत होती. आज गोलाणी मार्केटमध्ये विकल्या जाणाऱ्या जवळपास प्रत्येक मोबाइलमधला प्रोसेसर त्याच एआरएमच्या कुळातला आहे. त्या कुळाने जग जिंकलं ते मितव्ययावर. वेगात तर त्याच्यापुढे कितीतरी होते.

नव्या पिढीच्या प्रोसेसरचा खरा फायदा इथे आहे. तेच काम तो कमी विजेत करतो. कामाची लाट आली की झटक्यात उरकतो आणि लगेच झोपतो. झोपलेला प्रोसेसर तापत नाही आणि बॅटरी खात नाही. २०११ मध्ये एआरएमने एकाच चिपवर मोठे आणि छोटे कोर शेजारी शेजारी ठेवण्याची रचना जाहीर केली. तेव्हापासून हलकी कामं छोट्या कोरकडे जातात आणि मोठा कोर गरज पडली तरच उठतो. 'ऑक्टा-कोर' म्हणून जे आठ मिरवले जातात त्यांत बहुधा निम्मे किंवा त्याहून अधिक छोटेच असतात, आणि दिवसभराचा बहुतेक गाडा तेच ओढतात. त्यामुळे चांगला प्रोसेसर वापरणाऱ्याला वेग म्हणून जाणवतच नाही. संध्याकाळी सहा वाजता बॅटरीत ४० टक्के शिल्लक दिसतात, तेव्हा तो जाणवतो.

आणि काही कामं अशी आहेत की जिथे कच्चा वेगही लागतोच. रात्री हळदीचा फोटो काढताना आपण एकदा बटण दाबतो, पण आत मोबाइल पाठोपाठ अनेक फोटो घेतो. हात हलला असेल तर ते एकमेकांवर नीट बसवतो, प्रत्येकातला उजळ आणि स्वच्छ भाग निवडतो, आणि सगळ्यांचा मिळून एक करतो. १ कोटी २० लाख ठिपक्यांचे दहा फोटो म्हणजे १२ कोटी ठिपके, आणि प्रत्येक ठिपक्यावर डझनभर आकडेमोडी. केळीच्या पानावर करप्याचे ठिपके पडलेत, त्याचा स्वच्छ फोटो कृषितज्ज्ञाला पाठवता येतो, तो लेन्सइतकाच या आकडेमोडीमुळे. बोलून मराठी टाइप करणं हेही असंच. तुमच्या आवाजाचे बारीक तुकडे पाडून ते अक्षरांशी जुळवायचं काम आता बऱ्याच मोबाइलमध्ये आतल्या आत होतं, आणि त्यासाठी प्रोसेसरमध्ये वेगळा विभागच असतो. फक्त धुळ्याकडे कुणी त्याला "काय चाली ऱ्हायनं?" असं विचारलं की तो गडबडतो. तिथे प्रोसेसर कमी पडत नाही. अहिराणी बोलण्याच्या पुरेशा ध्वनिफिती त्याला कुणी ऐकवलेल्याच नाहीत. ते काम खानदेशातल्याच लोकांना हाती घ्यावं लागेल.

वेगाची सगळ्यांत मोलाची जागा मात्र मला पेन्शनरांच्या रांगेत दिसते. देशातलं पहिलं आधार २९ सप्टेंबर २०१० रोजी खानदेशातच, नंदुरबार जिल्ह्यातल्या टेंभली गावात दिलं गेलं. पण आधारची ओळख बोटांच्या ठशांवरून पटवायची तर आयुष्यभर शेतात किंवा कारखान्यात राबलेल्या हातांवरचे ठसे झिजतात आणि यंत्राला ते ओळखू येत नाहीत. नोव्हेंबर २०२१ पासून पेन्शनसाठी लागणारा हयातीचा दाखला चेहऱ्यावरून देण्याची सोय झाली. म्हातारी माणसं घरात बसून, नातवाच्या मोबाइलसमोर चेहरा धरून दाखला देऊ शकतात. ॲप सांगतं: डोळे मिचकवा. समोर फोटो नाही, जिवंत माणूस आहे, याची ही खूण. चेहरा आधारच्या नोंदीशी जुळतो की नाही ते दूरच्या सर्व्हरवर ठरतं, पण जिवंतपणाची ही पारख मोबाइलमध्येच होते.

कॅमेरा सेकंदाला ३० चित्रं पाठवत असेल तर प्रत्येक चित्रासाठी प्रोसेसरकडे असतात सुमारे ११ तत्पर. तेवढ्यात चेहरा कुठे आहे ते शोधायचं, डोळे शोधायचे, पापण्या उघड्या की मिटलेल्या ते ठरवायचं, आणि पुढच्या चित्राला मोकळं व्हायचं. प्रोसेसर मंद असेल तर मधली चित्रं सुटतात. पापणी लवून जाते आणि मोबाइलला पत्ताच नसतो. मग आजीला पुन्हा सांगायचं, "आजी, अजून एकदा डोळे मिचकव. आता हळू." अशा वेळी पाच हजार जास्त मोजून घेतलेला प्रोसेसर खरोखर कामाला येतो.

माझं मत विचाराल तर फोन, व्हॉट्सॲप, यूपीआय, यूट्यूब, सातबारा, केळीचे रावेर-बऱ्हाणपूरचे भाव एवढ्यासाठी मधल्या किमतीचा, एक-दोन वर्षांत निघालेला प्रोसेसर भरपूर झाला. वर पैसे उरले तर ते ६ किंवा ८ जीबी रॅमवर आणि यूएफएस स्टोरेजवर घालावेत. सुरक्षेची अद्यतनं किती वर्षं मिळणार हे दुकानदाराला ठासून विचारावं, कारण ती थांबली की बँकेची ॲप हळूहळू त्या मोबाइलकडे पाठ फिरवतात, मग आतला प्रोसेसर कितीही धडधाकट असो. सर्वांत महागड्या चिपचा मोह ज्यांना मोठे गेम खेळायचेत किंवा मोबाइलवरच व्हिडिओ कापून जोडायचेत त्यांनी करावा.

आणि ज्यांना मोबाइल सरकार देतं, ज्यांना तो निवडायची मुभा नाही, त्यांच्यासाठी खरेदीच्या निविदेत एक अट मला मनापासून हवी आहे. मोबाइल पसंत करण्याआधी त्याची चाचणी मे महिन्यात भुसावळला घ्यावी. दुपारी दोन वाजता, पत्र्याच्या छताखालच्या अंगणवाडीत, रेंजची एकच कांडी असताना, स्टोरेज ८० टक्के भरलेलं ठेवून. जे ॲप सेविकेला वापरायचंय तेच ॲप मराठीत उघडावं, ४० मुलांची वजनं-उंची सेविकेनेच भरावी, मध्ये दोनदा कॅमेऱ्यात जाऊन यावं, आणि चाळिसाव्या मुलापर्यंत एकही अर्ज कोरा झाला नाही तरच त्या मोबाइलच्या कागदावर सही व्हावी.